राखणीचा रोज

(नारायणगड येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचा एक आग्रह असायचा. विषय कितीही लांबचा असो, तो आपल्या बांधापर्यंत आणून दाखवा. आजचा विषय लांबचाच आहे. बारमाही हिरव्या, घनदाट अरण्यांचा, ज्यांना पुस्तकात पर्जन्यवनं म्हणतात त्यांचा. आणि ती अरण्यं उभी ठेवल्याबद्दल तिथल्या माणसांना पैसे द्यावेत की नाही, याचा. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांना नवल वाटलं असणार. बीड जिल्ह्यात वनाचं आच्छादन दोन टक्क्यांच्या घरात. पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. या माळावर उभं राहून पर्जन्यवनांबद्दल काय बोलायचं?

बोलायचं, कारण आपण त्या रानांतून आलेलं पाणी पितो. आणि त्या राखणीचे पैसे आपण कुणालाही देत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून पाहता येईल. रान राखणं हे काम आहे. ते करणाऱ्याला त्याचा रोज मिळाला पाहिजे. रोख मिळाला पाहिजे, दरवर्षी मिळाला पाहिजे, ठरलेल्या तारखेला मिळाला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा पैसा या देशात आजही आहे. तो फक्त राखणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आता जरा पाण्यामागे जाऊ. आपला गड बालाघाटाच्या डोंगरात आहे. बालाघाटावर पडलेलं पाणी दोन वाटांनी उतरतं. उत्तरेकडचं सिंदफणेत आणि तिथून गोदावरीत. दक्षिणेकडचं मांजरेत. मांजरा आपल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते, लातूरची तहान भागवते आणि पार तेलंगणाच्या सीमेवर जाऊन गोदावरीलाच मिळते. पण गेवराई-माजलगावच्या अंगाने वाहणारी गोदावरी स्वतः आपल्याकडे जन्मत नाही. ती त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगवते. तिला येऊन मिळणारी दारणा इगतपुरीच्या डोंगरांतून येते, प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या कुशीतून, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात जेवढं पाणी पडतं, तेवढं आपल्याकडे पाच-सहा वर्षांचं मिळून पडत नाही. ते पाणी पैठणला जायकवाडीत येतं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेलं हे धरण. त्याच्या उजव्या कालव्यातून पाणी माजलगावच्या धरणाला येतं, आणि माजलगावचं पाणी बीड शहराच्या नळाला.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्याचं होतं, म्हणजे पुन्हा सह्याद्रीचं. आणि आपल्या घरोघरची गोष्ट घ्या. दसरा झाला की आपल्या वाड्या-तांड्यांवरून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली, सातारा, कोल्हापूरकडे निघतात. तो ऊस कोयना, वारणा, पंचगंगेच्या पाण्यावर उभा असतो. त्या नद्यांच्या माथ्यावर जी जंगलं आहेत, त्यांच्या जिवावर तो मळा आहे आणि त्या मळ्याच्या जिवावर आपल्याला आगाऊ मिळणारी उचल. बीडचा माणूस पर्जन्यवनाशी असा बांधलेला आहे, त्याने ते वन कधी पाहिलेलं नसलं तरी.

आता एक अवघड गोष्ट. पाऊस कमी पडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपण वाचतो की जायकवाडीत पाणी कमी आहे, वरच्या धरणांतून सोडावं लागणार. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, त्यावर मेंढेगिरी समितीने सूत्र बसवून दिलं, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं. मराठवाड्याच्या हक्काची ही लढाई मला मनापासून मान्य आहे. ती लढणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्या सगळ्या भांडणात धरणाशी धरण बोलतं. भंडारदऱ्याच्या वर, डोंगराच्या उतारावर जी महादेव कोळी, ठाकर वस्ती आहे, जिच्या अंगणातून हे पाणी निघतं, तिचं नाव कुणी घेत नाही. नगर म्हणतं पाणी आमचं, संभाजीनगर म्हणतं आमचं. ज्यांनी उतार राखला, झाड ठेवलं, माती धरली, त्यांच्या बायका मार्च-एप्रिलात हंडा घेऊन उतरतात. मुंबईचंही तेच. वैतरणा, तानसा, भातसा ही धरणं शहापूर आणि त्याच्या आजूबाजूच्या तालुक्यांत, आणि त्याच शहापुरात उन्हाळ्यात टँकर फिरतात.

जंगल पाण्याचं नेमकं काय करतं, हेही नीट सांगितलं पाहिजे. झाडं लावा म्हणजे पाऊस पडेल, असं फार सोपं करून सांगितलं जातं. आपला पाऊस समुद्रावरून येतो, आणि झाडही पाणी पितं. जमिनीतलं पाणी उचलून पानांतून हवेत सोडतं. त्या हवेतल्या ओलाव्याचा पुढे पाऊस होतो हे खरं. मुंबईच्या आयआयटीतल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की नैर्ऋत्य मोसमी पावसात तमिळनाडूला जो ओलावा मिळतो, त्यातला सरासरी सुमारे ४० टक्के पश्चिम घाटाच्या वनराजीतून येतो, आणि पाऊस कमी असलेल्या वर्षांत हा वाटा आणखी वाढतो. पण हे तमिळनाडूचं गणित आहे. ते उचलून मी बीडला लावणार नाही. आपल्याला सह्याद्रीचं रान देतं ते वेगळ्या वाटेने. भीमाशंकर किंवा महाबळेश्वरच्या रानात पाऊल टाका. अंजनी, जांभूळ, पिसा यांची छपरासारखी दाट सावली, खाली पालापाचोळ्याचा थर, त्याखाली पोकळ काळी माती. कोसळणारा पाऊस आधी पानावर फुटतो, मग पाचोळ्यात मुरतो, मग जमिनीत उतरतो. रान गेलं की तोच पाऊस डोंगराची साल काढत येतो. पाणी येतं, पण एकदम येतं आणि गाळ घेऊन येतं. गाळ म्हणजे काय हे जायकवाडीच्या आणि माजलगावच्या काठावरच्या माणसाला समजावून सांगायला नको. २०१७ पासून सरकार धरणातला गाळ काढून शिवारात टाकायची योजना चालवतं. चांगली योजना आहे. पण उतारावर माती धरून ठेवणारा माणूस तोच गाळ धरणात येण्याआधी अडवतो, त्याला डिझेल लागत नाही आणि पोकलेनही लागत नाही. त्याच्यासाठी योजना नाही.

मग तो माणूस रान राखतो का आणि तोडतो का, हे पाहू. इथे मी कोकणात जातो, कारण हा प्रश्न तिथे उघडा दिसतो.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी नाममात्र आहे. डोंगरउतारावरचं बहुतेक रान खाजगी मालकीचं. एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. गावात राहिलेल्या घराला शेतीतून मिळतं ते भातापुरतं. अशा घरात लग्न निघालं, आजारपण आलं, मुलाच्या शिक्षणाची फी आली, की पैसा कुठून येणार? लाकूडवाला व्यापारी दारात येतो. उभ्या रानाचा सौदा होतो, रोख रक्कम हातात पडते, आणि पंधरा दिवसांत करवत सगळं साफ करते. ते लाकूड कोळशाला जातं, भट्टीला जातं. जे झाड वाढायला शंभर वर्षं लागली त्याचे मालकाला मिळतात अगदी किरकोळ पैसे. तो माणूस रानाचा वैरी नाही. रान ही त्याची एकमेव ठेव आहे आणि ती मोडल्याशिवाय वापरता येत नाही.

पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था अर्चना गोडबोले, जयंत सरनाईक आणि त्यांचे सहकारी चालवतात. संगमेश्वर तालुक्यात त्यांनी याच गाठीला हात घातला. रानाच्या मालकांशी करार केले. ठरावीक वर्षं रान तोडायचं नाही, त्या बदल्यात मोबदला. रान तुमचंच राहणार, सातबारा तुमचाच राहणार, फक्त करवत लागणार नाही. मला या कामात सगळ्यात मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. त्यांनी मालकाला शहाणपण शिकवण्याआधी त्याची नड विचारली. त्याच संस्थेने बेहड्याचं दुसरं काम केलं. बेहड्याची जुनी झाडं प्रचंड वाढतात आणि त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. झाड तोडलं तर एकदा पैसे, फळ विकलं तर दरवर्षी. म्हणून जंगलाला धक्का न लावता गोळा केलेलं फळ, असं फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र मिळवून ते फळ इंग्लंडच्या पुक्का हर्ब्ज या चहाच्या कंपनीला जाऊ लागलं. इंग्लंडमध्ये कुणी औषधी चहा पितो आणि सह्याद्रीत धनेशाची ढोली शाबूत राहते. मधला धागा पैशाचा आहे, आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

आता याच्या उलटं चित्र. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र यांच्या बेचक्यातला तो वन्यप्राण्यांचा मार्ग आहे, आणि बंदी हवीच होती. तरी त्यानंतरही तिथे तोड होत राहिली, रबर आणि अननसाचे मळे चढत गेले. नुसती बंदी घातली की रान मालकाच्या डोक्यावरचं ओझं होतं. तोडता येत नाही, त्यातून काही मिळत नाही, मग विकून मोकळं व्हावं असंच त्याला वाटणार. घेणारा बाहेरचा असतो, त्याच्याकडे पैसा असतो आणि थांबायला वेळही असतो.

हे सगळं आपल्याला आधी सांगितलं गेलं होतं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. सरकारने तो दाबून ठेवला आणि लोकांच्या रेट्यामुळे मे २०१२ मध्ये तो खुला झाला. त्यानंतर गावोगाव काय पसरलं? घराला लाल रंग देता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, गाव उठवणार. खरोखर तो अहवाल वाचणारे थोडे. त्यात जशी बंधनं होती तशी देण्याचीही भाषा होती. खाजगी जमिनीवर देवराई राखणाऱ्याला, जैवविविधतेचे निवडक घटक सांभाळणाऱ्याला संवर्धन सेवेचा मोबदला द्या, पारंपरिक वाण टिकवणाऱ्या शेतकऱ्याला पैसे द्या, जमिनीत कार्बन साठवणाऱ्याला प्रोत्साहन द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. निर्णय ग्रामसभेपासून वर जावेत, असंही म्हटलं होतं. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. मार्च २०१४ पासून घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, त्यात ५६,८०० चौरस किलोमीटरहून थोडं अधिक क्षेत्र आहे आणि त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं. या मसुद्यांवर दहा वर्षं भांडण चाललं ते कोणत्या गावाला वगळायचं आणि कोणत्या गावाला घ्यायचं यावर. मोबदल्याचं पान कुणी उघडलंच नाही. मला याचा राग येतो. घाटातल्या लोकांना आपण दहा वर्षं फक्त काय करायचं नाही तेवढंच ऐकवलं. मोबदला आधी ठरला असता तर त्यातली निम्मी गावं आम्हालाही यादीत घ्या म्हणून स्वतः पुढे आली असती, असा माझा विश्वास आहे.

पैसा कुठून येणार, असं विचाराल. रान मेलं की त्याचे पैसे लगेच येतात. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिल्याप्रमाणे, खाण, रस्ता, धरण यासाठी वनजमीन घेणाऱ्याला त्या वनाचं निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं. हे मूल्य कसं काढायचं यासाठी कांचन चोप्रा यांच्या समितीने पाणी, माती, कार्बन, औषधी, सगळ्याचा हिशेब मांडला. २०२२ च्या दराने ते हेक्टरी ९ लाख ५७ हजारांपासून १५ लाख ९५ हजारांपर्यंत आहे. म्हणजे जंगल काय काय देतं, त्याची किंमत किती, हे सरकारला तंतोतंत माहीत आहे. फक्त ती किंमत जंगल तोडणारा भरतो आणि ती सरकारच्या निधीत जमते. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतून राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर रक्कम वाटली, महाराष्ट्राला त्यातले ३,८४४ कोटी आले. ते प्रामुख्याने नव्या लागवडीसाठी. ज्या गावाने शंभर वर्षांचं रान उभं ठेवलं त्याला त्यातून राखणीचं काही नाही. ज्याचं रान गेलं त्याच्या नावावर रोपांचे खड्डे.

दुसरा पैसा याहून मोठा आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवताना पहिल्यांदा वनाच्छादनाला साडेसात टक्के वजन दिलं. पंधराव्या आयोगाने ते दहा टक्के केलं. ज्याच्याकडे रान जास्त त्या राज्याला कर जास्त. जगात रान राखण्यासाठी कुठल्याही देशाने आपल्या प्रांतांना इतकी मोठी रक्कम दिलेली नाही. जोना बुश आणि अनित मुखर्जी या दोघा अभ्यासकांनी चौदाव्या आयोगाच्या तरतुदीवरून हिशेब मांडला, तो वर्षाला हेक्टरी १७४ ते ३०३ डॉलर येतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला कोस्टारिकाची गोष्ट सांगणार आहे.

कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. गुरांच्या कुरणांसाठी तिथे इतकी तोड झाली की १९८० च्या दशकात रान पाव हिश्श्यावर आलं. १९९६ मध्ये त्यांनी वनकायदा केला, पेट्रोल-डिझेलवरच्या करातला ठरावीक भाग बाजूला काढला आणि १९९७ पासून रान राखणाऱ्या शेतकऱ्याला थेट पैसे द्यायला सुरुवात केली. पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य, या चार गोष्टींचा मोबदला. दर हेक्टरी वर्षाला साधारण ६४ डॉलर. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा रानाखाली आहे. सगळं श्रेय त्या पैशाचं नाही. तोडीला कायद्याने बंदी होती, गोमांसाचे भाव पडले, पर्यटन वाढलं, ही कारणंही मोठी आहेत. पण ६४ डॉलर शेतकऱ्याच्या हातात पडले आणि आपल्याकडे त्याच्या अडीचपटीहून जास्त रक्कम राज्यांच्या तिजोरीत पडते, आणि अकोल्याच्या किंवा संगमेश्वरच्या राखणाऱ्याला ती आली-गेली ते कळतही नाही. त्या पैशाला अटच नाही. तो पगारात जातो, व्याजात जातो, रस्त्यात जातो. या पैशातला निदान तिसरा हिस्सा रान असलेल्या ग्रामसभांच्या खात्यावर गेला पाहिजे, ही मागणी महाराष्ट्राने स्वतःपासून सुरू करावी.

कुणी म्हणेल, शहराच्या पैशाने खेड्यातल्या माणसाला पगार द्यायचा, हे परदेशी खूळ आहे. माउली, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे, आणि ते आपल्याच अंगावर घडलं आहे.

७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. तुमच्यापैकी अनेकांच्या आया होत्या. खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाल्ली. त्या कामातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. त्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसायकर लावला. मुंबईच्या कारकुनाच्या, पुण्याच्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला रक्कम कापली जाऊ लागली, आणि राज्याने त्यात आपली भर घालून ती मराठवाड्याच्या माळावर पोचवली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. शहरातला माणूस कुरकुरला असेल, पण त्याने भरला, अजून भरतो. पुढे साऱ्या देशाने हा कायदा उचलला. दुष्काळात राबलेल्या बायकांनी आणि पगारातून कर भरणाऱ्या अनोळखी माणसांनी मिळून महाराष्ट्राचा हा सगळ्यात मोठा विचार उभा केला, असं मी मानतो.

पण त्या योजनेत रोज कशाचा मिळाला? खणण्याचा, फोडण्याचा, वाहण्याचा, फार तर लावण्याचा. मोजमापाच्या पुस्तकात घनमीटर लिहिता येतं, म्हणून घनमीटरचा रोज. उभं आहे ते उभं राहू देण्याचा रोज कधी निघाला नाही. गवत वाढू देण्याचा नाही, वणवा विझवण्याचा नाही, जाळरेषा काढून रात्री डोंगरावर जागण्याचा नाही. पूर्वी खळ्यावर राखणदाराला पायली मिळायची, आणि धान्य चोरीला गेलं नाही म्हणजे राखणदाराने कामच केलं नाही, असं कुणी म्हणत नसे. रानाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

जगाकडेही एक नजर टाकू, कारण तिथे दिलेले शब्द कसे पाळले जातात ते कळायला हवं. २००७ मध्ये इक्वेडोरने सांगितलं, यासुनीच्या अरण्याखालचं तेल आम्ही काढत नाही, जगाने आम्हाला त्याच्या निम्म्या किमतीएवढे, ३६० कोटी डॉलर द्यावेत. सहा वर्षांत हाती आले जेमतेम १ कोटी ३० लाख. २०१३ मध्ये ती योजना गुंडाळली आणि पुढे तेल काढायला सुरुवात झाली. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सामान्य माणसांनी सार्वमतात तेल जमिनीतच ठेवा असा कौल दिला. जगाने दिलं नाही ते त्या गरीब देशाच्या मतदारांनी दिलं. गयानाने २०२२ मध्ये हेस या तेल कंपनीला ७५ कोटी डॉलरचे कार्बन क्रेडिट विकले, त्यातला १५ टक्के वाटा मूलनिवासींच्या गावांसाठी ठेवला. यातला वाटा मला आवडतो, गिऱ्हाईक आवडत नाही. तेल विकणाऱ्याने रानाचा दाखला विकत घेऊन हात झटकायचे, हे राखणीचं दाम नाही, ती सुटका आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलने आपल्या बेलेम शहरात नवा निधी पुढे केला. उष्ण कटिबंधातलं रान राखणाऱ्या देशाला हेक्टरी वर्षाला ४ डॉलर, आणि त्यातला पाचवा हिस्सा मूलनिवासी आणि स्थानिक समाजांना. ४ डॉलर फार थोडे आहेत. तो पाचवा हिस्सा आपण शिकून घ्यावा. आणि आपल्या गावात कार्बनचे करार घेऊन कंपन्यांची माणसं येतील तेव्हा कागद ग्रामसभेत मराठीतून वाचल्याशिवाय कुणी अंगठा देऊ नये.

गडावर बोलतो आहे, म्हणून एका आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं. तो आक्षेप मोठ्या भल्या माणसांचा आहे. ते म्हणतात, देवराई राखली ती देवाच्या भीतीने आणि प्रेमाने. तिथली काडी कुणी उचलत नाही. तिथे पैसा नेलात तर उद्या पैसा थांबला की झाड जाईल. गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, तेव्हा तिथे सह्याद्रीच्या मूळ अरण्याचे तुकडे जपलेले त्यांना सापडले. ती श्रद्धेचीच कमाई आहे, आणि मी तिच्यापुढे हात जोडतो. पण त्यानंतरच्या काळात कोकणातल्या कितीतरी देवराया देवाच्याच नावाने तोडल्या गेल्या. मंदिराचा जीर्णोद्धार करायचा, सभामंडपाला स्लॅब टाकायचा, वर्गणी पुरत नाही, म्हणून राईतली झाडं विकली. श्रद्धा होती, पैसा नव्हता. तिथे वर्षाचा मोबदला देवस्थानच्या आणि ग्रामसभेच्या जोडखात्यावर येत असता तर स्लॅबही पडला असता आणि राईही राहिली असती. म्हणून देवराईचा पैसा एकट्यादुकट्याला देऊ नये, गावाला द्यावा. श्रद्धेला विकत घेता येत नाही हे खरं, पण नडलेल्या श्रद्धावंताला हात देता येतो.

दुसरा धोका मला जास्त वाटतो. पैसे सातबारा बघून दिले तर ज्याला जमीन नाही त्याचं काय? रान बंद झालं की पहिला फटका शेळ्या वळणाऱ्या बाईला, मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला, सरपण आणणाऱ्या म्हातारीला बसतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि ती टिकली, कारण बंदीबरोबर गवत कापून न्यायची वाट ठेवली होती. राखणीचा रोज राखणाऱ्याला आणि रान बंद झाल्याने ज्याचं नुकसान झालं त्याला, दोघांना मिळाला पाहिजे. नाहीतर हा पैसा गावातल्या दोन पाटलांच्या घरी जाईल आणि राखण होणार नाही.

आता बांधापर्यंत येतो. सह्याद्रीकडून आपण जसे घेणारे आहोत, तसे बालाघाटावर आपण देणारे आहोत. मांजरेच्या उगमाजवळचा उतार पाटोद्याचा माणूस राखतो आणि पाणी लातूर पितं. नायगावच्या मयूर अभयारण्याचा डोंगर त्याच तालुक्यात. बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही पाटोद्याकडूनच येते आणि पालीच्या धरणातून शहराला पाणी देते. मग बीड आणि लातूर शहरांनी त्या माथ्यावरच्या गावांना काही द्यावं की नको?

हिमाचल प्रदेशात पालमपूर नावाचं शहर आहे. त्याचं पाणी बोहल गावच्या झऱ्यातून येतं. झऱ्याच्या वरचं रान विरळ होऊ लागलं तेव्हा २०१० मध्ये तिथल्या नगर परिषदेने वरच्या तीन गावांच्या वन विकास सोसायटीशी करार केला. गावांनी रान राखायचं, नगर परिषदेने पाणीपट्टी गोळा करायची आणि त्यातून गावांना वर्षाला १० हजार रुपये द्यायचे. रक्कम लहान आहे, फारच लहान. पण नळ उघडणाऱ्याने झरा राखणाऱ्याचं देणं कागदावर मान्य केलं आणि त्याला मुदत घातली. आपल्याकडे तर साखर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी घ्यायचं ठरलेलंच आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ते महामंडळ आहे. टनामागे रक्कम कापून ती ठरावीक माणसांसाठी लावायची, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. तशीच पाणीपट्टीत हजार लिटरमागे थोडी रक्कम माथ्यावरच्या राखणीसाठी, आणि जायकवाडीच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येक कारखान्याकडून आणि औद्योगिक वसाहतीकडून तशीच रक्कम अकोले-इगतपुरीच्या उतारांसाठी. आपण बीडकरांनी ही दुसरी रक्कम स्वतःहून मागणीत घालावी असं मला फार वाटतं. वरच्या धरणाचं पाणी मागताना वरच्या माणसाचा रोजही आपण मागितला, तर त्या भांडणात तो माणूस आपल्या बाजूला उभा राहील.

करार दोन पानांत बसतो. कोणता उतार, कोणती गावं, काय राखायचं, वर्षातून कुणी पाहणी करायची, ग्रामसभेत हिशेब कधी वाचायचा. त्यातलं एक कलम मात्र आपल्या जिल्ह्यासाठी वेगळं लिहावं लागेल, आणि ते मी गेल्या वर्षभरात भेटलेल्या ऊसतोड टोळीवाल्यांशी बोलून सांगतो आहे. पैसे मार्चअखेर देऊन चालणार नाही. मार्चमध्ये घराला कुलूप असतं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतली जाते, आणि एकदा उचल घेतली की कोयत्याला जावंच लागतं, मग डोंगरावर जागायला माणूस राहत नाही आणि वणवे तर फेब्रुवारीपासूनच लागतात. राखणीचा रोज पोळ्याच्या आत खात्यावर पडला पाहिजे, पूर्ण पडला पाहिजे, आणि तो एवढा असला पाहिजे की त्या घरातल्या एका जोडीला त्या साली उचल घ्यावी लागू नये.